ज्याचा दिवा लागेल त्याच्याशी बोलायचं

आमच्या कॉलनीच्या दिवाळी अंकाला मी दरवर्षी एखादी पाककृती देते. यंदा संपादकांनी, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या जोशींनी, ‘अनारसे पुरे झाले, आता नोकरीबद्दल लिहा’ म्हणून गळ घातली. अंकाची एक प्रत मी तुम्हा तिघा नातवंडांना पाठवणार आहे, तेव्हा लिहिताना डोळ्यांसमोर तुम्हीच आहात. तुमच्यातल्या मोठीने मागच्या भेटीत विचारलं होतं, ‘आजी, तू ऑफिसात नक्की काय करायचीस?’ मी ‘टेलिफोन ऑपरेटर होते’ म्हटलं. तिचा चेहरा बघून मला कळलं की तिला त्यातलं काहीच कळलेलं नाही.

तर आधी ते सांगते. मुलुंडला एक मोठा कारखाना होता. यंत्रांचे सुटे भाग करायचे. दीड-दोनशे टेबलांवर टेलिफोन होते, पण त्यातल्या एकालाही दुसऱ्याशी आपणहून बोलता येत नसे. सगळ्यांच्या तारा आमच्या खोलीत एका बोर्डावर यायच्या. बोर्ड म्हणजे उभी फळी, तिच्यात ओळीने भोकं आणि प्रत्येक भोकावर वाटाण्याएवढा दिवा. फाउंड्रीतल्या, म्हणजे ओतकाम विभागातल्या, साहेबाने रिसीव्हर उचलला की फाउंड्रीच्या भोकावरचा दिवा लागायचा. आम्ही तिथे दोरीचं एक टोक खुपसायचं, ‘नंबर प्लीज’ म्हणायचं आणि दुसरं टोक तो सांगेल त्या भोकात घालायचं. दोन माणसं जोडली गेली. त्यांचं बोलणं संपलं किंवा त्यांना आमची गरज लागली, की आमच्या पुढ्यातला त्या दोरीचा छोटा दिवा लागायचा. मध्येच एक खटका वर केला तर आम्हाला त्यांचं बोलणं ऐकू येई. बाहेरगावचा ट्रंक कॉल असला तर तो मधूनमधून वर करावाच लागे, कारण लाईन केव्हा मरेल याचा नेम नसे. नाहीतर वर करायचा नाही, हा सभ्यपणा.

बोर्डावर आम्ही तिघी. मी हेड ऑपरेटर. इंग्रजी शाळेतली, बी. ए. झालेली, म्हणून ती खुर्ची मिळाली. दुसरी ग्रेटा, वाकोल्याची, जिभेला हाड नसलेली आणि मनाने लोण्याची. स्टोअरमधले एक गृहस्थ कधीच नंबर सांगत नसत. ‘तो नाही का, त्याला द्या’ म्हणायचे. ग्रेटा त्यांना न चुकता ‘त्याला’च जोडून द्यायची आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा. एक साहेब एवढ्या मोठ्याने बोलायचे, की ग्रेटा म्हणायची, ‘बाई, यांची लाईन काढून घ्या ना, खिडकी उघडली तरी पुण्याला ऐकू जाईल.’

तिसरी निर्मला परब. तिला सगळे निमा म्हणत. ही गोष्ट तिची आहे.

निमा घाटकोपरला राहायची. आईवडील मूळचे कोकणातले. वडील गिरणीत होते, संपानंतर घरीच बसले. घरात कमावती ही एकटी. वय सव्वीस-सत्तावीस, अंगाने किडकिडीत, आणि आवाज असा की रागावून फोन उचललेला माणूस अर्ध्या वाक्यात मऊ व्हायचा. कामाला लागून दोन वर्षं झाल्यावर ती एकदा चार महिने रजेवर गेली. अर्जावर टायफॉइड लिहिलं होतं. परत आली तेव्हा हात थरथरत होते, तोंड सारखं कोरडं पडायचं आणि खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलत राहायचे. टायफॉइडने पाय हलत नाहीत, एवढं मला कळत होतं. पण विचारायचं कसं?

तिनेच सांगितलं. दुपारी ग्रेटा जेवायला गेली होती आणि बोर्ड शांत होता. निमा समोरच्या विझलेल्या दिव्यांकडे बघत म्हणाली, ‘बाई, मला आवाज ऐकू येतात.’

मी म्हटलं, ‘क्रॉस कनेक्शन असेल. त्या लाईनवर सकाळपासून कोणीतरी कांद्याच्या गोणी विकतंय.’

‘हेडसेट काढल्यावर पण येतात, बाई.’

मग हळूहळू सगळं बोलली. दोन पुरुष आणि एक म्हातारी. ओळखीचे नाहीत. दिवसभर तिच्याबद्दल बोलतात, शिव्या देतात, घरी जा म्हणतात, तुला काढणार म्हणतात. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन आणि रोज गोळ्या चालू होत्या. तीनदा गोळ्या बदलून झाल्या होत्या.

‘मग फरक?’

‘आधी ते माझ्या डोक्यात राहायचे. आता शेजारच्या खोलीत राहायला गेलेत. पण भिंत पातळ आहे.’

एकदा मी तिच्याबरोबर हॉस्पिटलात गेले. डॉक्टर तरुण होते, दमलेले, पण सरळ बोलले. काहींचे आवाज औषधाने पूर्ण जातात, काहींचे कमी होतात, हिचे कमी झाले. डोस वाढवला तर हात आणखी कापतील. औषध बंद केलं तर ते परत डोक्यात येतील. तिने एकदा बंद करून पाहिलंच होतं, तेच ते रजेचे चार महिने. ‘तेव्हा औषध घ्यायचं,’ डॉक्टर म्हणाले, ‘आणि उरलेलं तिने कसं निभवायचं, ते तिलाच शोधावं लागेल. मला ते लिहून देता येत नाही.’ डॉक्टरने असं कबूल करावं याचा मला त्या दिवशी राग आला होता. आज वाटतं, तो माणूस प्रामाणिक होता.

परत आले आणि मी शहाणपणा केला. मला वाटलं, जिला नको ते आवाज ऐकू येतात तिला कानाचंच काम कशाला? दोन अधिक दोन इतकं सोपं वाटलं. आमच्या खोलीमागे एक छोटी खोली होती, तिथे ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्या रजिस्टरात उतरवायचं काम असे. शांत, पंखा, खिडकीबाहेर गुलमोहर. मी निमाला तिथे बसवलं. ती ‘नको बाई’ म्हणाली. मी म्हटलं, ‘तुझ्या भल्याचं आहे.’

तीन आठवड्यांत ती खचली. रजिस्टरात एकच ओळ चार-चारदा लिहिलेली. दारावरून जाताना तिचे ओठ हलताना दिसायचे. मला वाटलं, औषध लागू पडत नाही. डॉक्टरांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी डोस वाढवला आणि तिच्या हातात पेन धरवेना.

मग एका रविवारी सकाळी तिची आई माझ्या घरी आली. हातात कुळथाच्या पिठाची पुरचुंडी. बसा म्हटलं तर बसेना.

‘बाईंनू, तिका परत त्या तारांत बसवा.’

मी समजावू लागले. शांतता, विश्रांती, ताण नको, पुस्तकात वाचलेलं सगळं.

‘खोलयेत तिका एकटी बसवलात आणि त्या मेल्यांका रान मोकळा झाला,’ ती म्हणाली. ‘बोर्डार बसता तेव्हा माझा चेडू बरा असता. माका इंग्लिश कळणा नाय, पण माझा चेडू माका कळता.’

चेडू म्हणजे मुलगी, पोरांनो. सोमवारी निमा बोर्डावर परत आली. आठवड्याभरात चेहरा निवळला. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी डोस पूर्वीसारखा केला.

आता मी तिच्याकडे नीट बघायला शिकले, आणि तिने जे उभं केलं होतं ते पाहून थक्क झाले. वीस वर्षं मी त्या बोर्डासमोर बसत होते. माझ्या लेखी तो लाकूड आणि पितळ होता. तिने त्याचा आधार केला होता. तिचा नियम एकच: दिवा लागला तर माणूस. दिवा नसेल आणि आवाज येत असेल, तर तो त्यांचा. त्याला उत्तर द्यायचं नाही. खऱ्या माणसांची गर्दी असली की त्या तिघांना मध्ये घुसायला फट मिळत नसे. सकाळी दहा ते बारा, जेव्हा ग्रेटा आणि मी घामाघूम व्हायचो, ते निमाचे विश्रांतीचे तास होते.

‘आणि घरी?’ मी विचारलं. ‘घरी कुठे दिवे?’

ती हसली. घरीही तिने व्यवस्था लावली होती. भाऊ, म्हणजे तिचे वडील, तिच्याशी बोलायच्या आधी तिच्या मनगटाला बोट लावायचे. आये स्वयंपाक करताना हाक मारायची असली तर आधी टोपावर पळी वाजवायची. ‘कधीकधी नुसतीच वाजवते बाई, मस्करी म्हणून. मी आपली उठून जाते.’

संध्याकाळी सात वाजता ती चाळीच्या जिन्यात बसून त्या तिघांना वेळ द्यायची. बोला काय ते. घड्याळ लावून. तीन मिनिटं झाली की, ट्रंक कॉलवर आम्ही सांगायचो तसं, ‘थ्री मिनिट्स ओव्हर’ म्हणून उठायची.

‘मग गप्प बसतात?’

‘छे! ते कशाला ऐकताहेत.’

‘मग सांगतेस कशाला?’

तिने जरा विचार केला. ‘सांगितलं की बोर्डावर मी असते, बाई. नाही सांगितलं तर ते असतात.’

पोरांनो, मी बरीच शिकलेली माणसं पाहिली आहेत. तुमचे आजोबा इंजिनियर होते. पण कापऱ्या हातांनी, कोरड्या तोंडाने, कोणी न शिकवता स्वतःच्या डोक्यात अशी शिस्त लावणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. मी व्यवस्थित म्हणून कारखान्यात प्रसिद्ध होते. तिच्या व्यवस्थेपुढे माझी व्यवस्था म्हणजे रुमालाच्या घड्या.

आणि त्या माझ्या व्यवस्थेनेच तिचा घात केला.

दर सोमवारी सकाळी बोर्डावरचा प्रत्येक दिवा लावून बघायचा आणि वहीत खूण करायची, हे हेड ऑपरेटरचं काम. बल्ब अधूनमधून जायचे. त्या सोमवारी आमच्याकडे पाणी उशिरा आलं, मला निघायला उशीर झाला, आणि बोर्ड आधीच कॉलांनी तापला होता. मी एकही दिवा न तपासता सगळ्यांपुढे खुणा करून टाकल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा. नेहमी ठीकच तर असतात!

बुधवारी वर्क्स मॅनेजरांचा कोइमतूरचा ट्रंक कॉल लागला. तो निमाच्या दोरीवर होता. बोलता बोलता पलीकडची लाईन मेली. साहेबांनी ऑपरेटरला बोलवायला रिसीव्हरखालचं बटण दाबदाब दाबलं. दोरीचा दिवा लागायला हवा होता. बल्ब गेलेला होता. निमाने लाईन शाबूत आहे का बघायला खटका वर केला, आणि तिच्या कानात एक पुरुष ओरडत होता: ‘बहिरी आहेस का? कोण बसलंय तिथे? जमत नसेल तर घरी जा!’

तिने दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेला.

मी शेजारीच होते. तिचा चेहरा मी पाहिला. घाबरलेला नव्हता. रोजचं काम करताना असतो तसा होता. अगदी शांत, गोड आवाजात ती म्हणाली, ‘तुमचा दिवा लागलेला नाही. मी तुमच्याशी बोलणार नाही.’ आणि खटका खाली केला.

पाच मिनिटांत वर्क्स मॅनेजर स्वतः आमच्या दारात. ‘मला सांगते, दिवा लागलेला नाही! मला!’ ग्रेटाला हसू आवरेना, तिने रुमाल तोंडात कोंबला. निमाचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. समोर उभा माणूस आणि कानातला आवाज एकच, हे तिला कळलं होतं.

लेखी तक्रार गेली. दुसऱ्या दिवशी पर्सोनेल ऑफिसर वागळे यांनी आम्हा दोघींना बोलावलं. वागळे वाईट नव्हते, पण नियमाने चालणारे होते. तक्रारीवर ‘उद्धट, कामास अयोग्य’ असं लिहिलं होतं. अयोग्य ठरली तर तिची नोकरी जाणार आणि घाटकोपरची चूल विझणार, हे मला पाठ होतं. माझी झोप उडाली होती ती मात्र दुसऱ्या गोष्टीने. बोर्ड गेला तर ती परत त्या मागच्या खोलीसारख्या कुठल्यातरी खोलीत, त्या तिघांच्या ताब्यात.

मी सगळं ठरवून गेले होते. आधी वही त्यांच्यापुढे ठेवली. ‘बल्ब गेला होता. तपासायचं काम माझं. मी न तपासता खुणा केल्या. चूक माझी आहे.’

वागळ्यांनी चष्मा वर केला. ‘गुप्तेबाई, तुम्ही?’

‘मी.’

‘ठीक आहे. बल्ब गेला. पण हिने त्यांचं बोलणं ऐकलं. उत्तर दिलं. बोलणार नाही म्हणाली. ते का?’

त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. ‘क्रॉस कनेक्शन वाटलं असणार. त्या लाईनवर रोज परकी माणसं बोलत असतात. कांदेवाले.’

वागळ्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. क्रॉस कनेक्शनचा छळ त्यांनाही माहीत होता. त्यांनी पेन उचललं. झालं, मिटलं, असं मला वाटलं.

‘नाही साहेब,’ निमा म्हणाली. ‘मला क्रॉस कनेक्शन वाटलं नव्हतं.’

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिने पाय बाजूला घेतला.

‘मला आवाज ऐकू येतात साहेब. नसलेल्या माणसांचे. चार वर्षं झाली. औषध चालू आहे.’ आणि तिने ते सगळं सांगितलं. दिव्याचा नियम. दिवा नाही म्हणून तिने काय केलं ते. आवाज न चढवता, न रडता, एखाद्याला लाईन कशी जोडतात ते समजावून द्यावं तसं.

वागळे पेन हातात धरून बसले होते. ‘मिस परब, गुप्तेबाईंनी तुम्हाला दार उघडून दिलं होतं. कशाला सांगितलंत हे?’

‘कारण बल्ब पुन्हा जाईल साहेब. उद्या फाउंड्रीत कोणाचा हात यंत्रात सापडला, तो मदतीला ओरडतोय आणि दिवा लागला नाही, तर मी त्यालाही हेच सांगेन. माझा नियम अपुरा आहे. मला शेजारी बसलेल्या ऑपरेटरला विचारायची परवानगी द्या. शंका आली की हेडसेट तिच्या कानाला लावायचा आणि विचारायचं, ऐकू येतंय का. मी आजवर विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं ना सगळ्यांना.’

मी तिच्याकडे बघत होते. जे लपवण्यासाठी मी खोटं बोलले, ते तिने टेबलावर ठेवलं होतं, एका अनोळखी माणसाच्या हातासाठी, जो अजून कुठे सापडलेलाही नव्हता.

‘औषधाने जाणार नाहीत ते?’ वागळ्यांनी विचारलं.

‘डॉक्टर म्हणतात, बहुतेक एवढंच.’

‘आत्ता येताहेत?’

‘हो साहेब.’

‘काय म्हणताहेत?’

‘तुम्ही मला काढणार म्हणून सांगताहेत.’

वागळे खुर्चीत मागे टेकले. ‘मग? तुम्हाला काय वाटतं?’

‘त्यांना काय विचारायचं साहेब,’ निमा म्हणाली. ‘तुम्ही समोर बसलायत. तुम्हीच सांगा.’

वागळ्यांनी तक्रारीचा कागद उचलला. बराच वेळ वाचला. त्यात वाचण्यासारख्या चारच ओळी होत्या. मग त्यांनी त्याची घडी केली, माझी दिव्यांची वही उघडली आणि घडी तिच्यात ठेवून वही माझ्याकडे सरकवली.

‘उद्याची ड्यूटी किती वाजताची आहे?’ ते खाली बघत, पुटपुटल्यासारखं म्हणाले.

‘सकाळी सातची, साहेब,’ निमा म्हणाली.

‘मग सातला या. शंका आली तर विचारत जा.’

निमा उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. वागळ्यांकडे नाही, माझ्याकडे वळली. चार वर्षांत तिने हे कोणालाही विचारलं नव्हतं. आता वागळ्यांच्या देखत, उघड, तिने विचारलं.

‘बाई, साहेब “सातला या” म्हणाले. तुम्हाला ऐकू आलं का?’

मी मान हलवली, पण तिला मान नको होती, आवाज हवा होता. ती वाट बघत उभी राहिली.

तेव्हा वागळे उठले, टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि बाहेरच्या कारकुनांनी माना वर कराव्यात एवढ्या मोठ्याने म्हणाले, ‘सातला या, मिस परब.’